अप्पाचं गळतीयंत्र

त्या चैत्रात पिंगळीत कुजबुज उठली, की शिवकांतअप्पाने संसार सोडला. कापडाचं दुकान बंद, तोंडाला कुलूप आणि माणूस महादेवाच्या गाभाऱ्यात ठाण मांडून. सारजाबाईने ही बातमी नळापासून स्टेशनापर्यंत नेली, तेवढ्या वाटेत अप्पाला दाढी आणि जटाही फुटल्या.

आता अप्पा म्हणजे काय चीज, ते ऐका. कापड फाडता फाडता मोबाइलवर व्हिडिओ बघून यंत्रं जोडायचा त्याला भारी शौक. दाराला त्याने बसवलेली घंटी पाल फिरली की वाजायची आणि पाहुणा आला की मुकी. "चला, पाल तरी आपल्याला विचारते," असं तो स्वतःच म्हणायचा.

लेक त्रिवेणीचे दिवस भरत आले होते. ती सुखरूप सुटावी म्हणून अप्पाच्या बायकोने, महानंदाने, महिनाभर गळतीचा नेम धरला होता. पिंडीवर टांगलेल्या, बुडाला बारीक भोक असलेल्या घड्यातून दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत पाण्याची धार, आणि ती मधे तुटायची नाही. त्यातच जिंतूरला तिच्या भाचीचं लग्न निघालं.

"सारजाबाईला सांगून जाते घडा भरायला," महानंदा म्हणाली.

"तिला कशाला? यंत्र करतो की मी! पाणी उतरलं की पंप आपोआप चालू, भरलं की बंद."

महानंदाने त्याच्याकडे घंटीवरच्या पालीकडे बघावं तसं बघितलं. "अवो, लेकीसाठीचा नेम हाय. धार तुटली तर तुमचा हा समदा पसारा भंगारवाल्याला देईन, आन् तुमाला बी त्येच्याच गाड्यावर बसवीन."

अप्पाने जुन्या कूलरचा पंप काढला. दोन उघड्या तारा पाण्यात सोडायच्या. पाण्यातून करंट गेला की यंत्राला कळणार, भांडं भरलंय. तारा कोरड्या पडल्या की पंप सुरू. घरी प्लास्टिकच्या बादलीत लावून बघितलं, एकदम झकास! मग आल्यागेल्याला बोलावून दाखवलं. शेजारच्या आसारामने तर आधीच बघितलं होतं, तरी त्याला पुन्हा दाखवलं.

महानंदा एसटीत बसली. अप्पा देवळात यंत्र लावून दुकानाकडे निघाला आणि उंबऱ्यातच थबकला. धार बारीक झाली होती. घडा आटत आलेला, पंप मात्र ढिम्म. तारा घड्याच्या अंगाला टेकल्या होत्या आणि घडा होता तांब्याचा. करंट पाण्याची वाट न बघता घड्यातूनच जात होता, आणि यंत्र समजत होतं की घडा काठोकाठ आहे. सगळ्या गावाला 'तारेत तांबं असतं' म्हणून शिकवणाऱ्या अप्पाला घडा कशाचा, एवढं मात्र सुचलं नव्हतं.

घाईघाईने तांब्याभर पाणी घड्यात ओतलं. त्यातलं निम्मं यंत्रावर सांडलं. चर्र झालं, धूर निघाला, आणि यंत्र लिंगैक्य झालं.

जळलेला भाग मिळणार परभणीला. परभणीचं दुकान उघडं असतं तेव्हा इथली धार चालू असते. अप्पाने यंत्रावर उपरणं टाकलं आणि तांब्या हातात घेऊन बसला.

आसाराम डोकावला. "काय अप्पा, काय म्हंतंय यंत्र?"

अप्पाने डोळे मिटले.

"बोलंनात का हो?"

"चूप रे!" मागून सारजाबाई आली. "मौन धरलंय त्येंनी. कपाळावर तेज बघ!"

तेज कसलं, घाम होता तो. विभूती ओघळून नाकावर आली होती.

"द्या अप्पा तांब्या, मी घालते थोडा वेळ."

अप्पाने तांब्या छातीशी धरला. हिला दिला तर यंत्र मेल्याची बातमी जिंतूरला लग्नाच्या आधी पोचायची. मग झाकलेल्या यंत्रावर सारजाबाईने झेंडूचं फूल वाहिलं आणि हात जोडले. दुसऱ्या दिवशी तिथे हार पडले, नारळही फुटला.

नवऱ्याने संसार सोडल्याचं महानंदाला मांडवातच कळलं. केसातल्या अक्षता न झाडता ती मिळेल त्या गाडीने आली. दर्शनाला जमलेल्या बायकांनी वाट दिली. तिने हार बाजूला सारून उपरणं उचललं, जळका वास घेतला, मग पिंडीकडे बघितलं.

"धार तुटली?"

"न्हाई," अप्पा म्हणाला.

"एकदा बी?"

"न्हाई."

तिने त्याच्या हातातून तांब्या घेतला. "उठा मग. आन् हे तुमचं घरी न्या. भंगारवाला आला तर म्हनावं, सध्या काई न्हाई."

शिवकांतअप्पाने संसार सोडला नव्हता. यंत्र जळलं होतं, आणि तो दोन दिवस तांब्याने घडा भरत होता.