सहा सिलिंडर आणि एक मडकं

सायलेंसरच्या दुकानात खासगी असं काही राहत नाही. एक तरी गाडी सुरू असतेच, त्यामुळे जो तो आपलं गुपित ओरडून सांगतो! राजापेठेत सलीमभाईंचं सायलेंसरचं दुकान, वरच्या मजल्यावर माझे फिजिक्सचे क्लास आणि शेजारी बंडूभाऊंच्या बँड पार्टीचं ऑफिस. आम्हा तिघांचा चहा एकत्र, त्यामुळे किस्से साठत गेले. पण त्या गाडीपुढे बाकीचे सगळे फिके.

*

संजूभाऊ इंगळे नांदगाव पेठेला सूतगिरणीत इंजिनियर. एक दिवस ते लांबलचक जर्मन गाडी घेऊन आले. जुनी, कितव्या तरी हाताची, पण सहा सिलिंडर! तेही एका ओळीत! आमच्यापैकी कोणी असलं इंजिन पाहिलं नव्हतं. सलीमभाईंनी बॉनेटवर हळूच हात ठेवला.

"चालू तो करो, भाऊ."

"चालूच हाये!"

सलीमभाईंनी चटका बसल्यासारखा हात काढला.

"हेच तर लफडं हाये ना," संजूभाऊ म्हणाले.

त्यांच्या वडिलांनी तेल्हाऱ्याजवळच्या गावात आयुष्यभर ऑइल इंजिनवर पिठाची गिरणी चालवली. धुराड्याच्या तोंडावर मडकं लावलेलं. त्याचा टुकटुक आवाज शिवारभर जायचा आणि गावाला कळायचं, दळण सुरू झालं. त्याच आवाजात बाबांचे कान गेले. मग गावात विजेची गिरणी आली आणि इंजिन बंद पडलं.

मुलानं हौसेनं गाडी दारात आणली, बाबांना पुढे बसवलं, इंजिन सुरू केलं. बाबा वाट पाहत बसले. शेवटी वैतागले.

"स्टार्टर मार ना बे संजू! कावून बसून राहिला?"

सुरूच आहे, असं खुणेनं सांगितल्यावर ते खाली उतरले. "सहा सिलिंडर, अन् एकही बोलत नाही?" म्हणाले, आणि पुन्हा गाडीत बसले नाहीत.

"बाबाले एकदा आयकू आली पाह्यजे, बस," संजूभाऊ म्हणाले. "पण गावाले नाही."

"म्हणजे?" मी विचारलं.

"घराच्या अलीकडंच विमलबाई राह्यतात. त्यायचा माणूस याच हंगामात गेला. कसा गेला, ते काय सांगू? त्यायच्या दारावरून मी भोंगा वाजवत जाऊ?"

त्या वर्षांत कापसाच्या गावांतून कधी काय बातमी येईल, सांगता येत नसे. बहिऱ्या माणसाला ऐकू यावा आणि गावाला येऊ नये, असा सायलेंसर हवा होता!

*

पहिला बसवला तो सरळ पाइप. एक्सलेटर दाबला मात्र, माझा अख्खा क्लास खिडकीला लटकला! समोरच्या भांड्यांच्या दुकानातले डबे रॅकवरून खाली आले. सलीमभाई खूश. बंडूभाऊंनी मात्र कानात बोटं घातली.

"भाऊ, हे वाजत नाही. हे फाटून राह्यलं!"

संजूभाऊंनी निमूटपणे गाडी बंद केली. विमलबाईंचं दार त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असणार.

*

दुसरा मुंबईहून मागवला. त्याच्या कॅटलॉगमध्ये आवाजाचं वर्णन होतं, 'थ्रोटी'. सलीमभाईंनी मला अर्थ विचारला. मी म्हटलं, "घशातून आलेला."

"म्हणजे सर्दीचा," बंडूभाऊंनी निकाल दिला.

ट्रायलला अकोला रोडनं निघालो. बाहेरून गाडी सभ्य. पण स्पीड धरला आणि आत असा घूंऽऽ सुरू झाला की माझा चष्मा नाकावर थरथरायला लागला. मूर्तिजापूरला चहाला उतरलो, तरी कानातला घूंऽऽ थांबेना. मी फ्रिक्वेन्सी समजावून सांगायला सुरुवात केली, तर सलीमभाई म्हणाले, "सर, चाय थंडी हो रही."

बंडूभाऊ पोटावर हात ठेवून उभे होते. "माह्या पोटातला भात अजून वाजून राह्यला!"

*

मग सलीमभाई सुचेल ते करून बघायला लागले. कापलं, जोडलं, परत कापलं. एकदा सगळंच उलटं बसवलं आणि धूर बंडूभाऊंच्या ऑफिसात गेला! शेवटी तीन-तीन सिलिंडरचे दोन पाइप एकत्र आणून पुढे जाड नळी दिली आणि आत झाकण बसवलं. झाकणाला स्कूटरच्या क्लचची वायर. वायर सोडली की गाडी मुकी, ओढली की बोलती.

"अब्बाचे कान गेले ना? जाऊ द्या," सलीमभाई म्हणाले. "छाती तर शाबूत हाये."

संजूभाऊंनी वायर ओढली.

काय सांगू तुम्हाला! आवाज मोठा नव्हताच. तो खालून आला, जमिनीतून, तळपायांतून वर चढला आणि इथे बरगड्यांत येऊन बसला. शटर हळूहळू थरथरत होतं. सहा सिलिंडर, पण कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो, काही कळेना. माझ्या अंगावर काटा आला. फिजिक्स मी रोज शिकवत होतो, त्या दिवशी ते भेटलं.

बंडूभाऊंनी टोपी काढली. डोळ्यांत पाणी.

"एवढ्या वरातींत माह्यी सहा माणसं कधी अशी एका सुरात वाजली नाहीत!"

*

रविवारी चौघेही गावी गेलो. विमलबाईंच्या दारावरून वायर सोडून, मुक्यानं. गावात सकाळपासून लोडशेडिंग, त्यामुळे विजेची गिरणीही गप्प.

बाबा बंद गिरणीच्या ओट्यावर बसले होते. गाडीकडे पाहून त्यांनी मान फिरवली. संजूभाऊंनी गाडी ओट्याला लावली आणि वायर ओढली.

बाबांनी आधी ओट्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या छातीकडे. उठले. गाडीमागे उकिडवे बसून नळीपुढे तळहात धरला. बराच वेळ. मग मान वर करून म्हणाले, "सहाही बोलून राह्यले बे, संजू!"

संजूभाऊ रडायलाच लागले. आम्हाला वाटलं, काम झालं.

पण बाबा गिरणीत गेले आणि जुनं काळं मडकं घेऊन बाहेर आले. ते नळीच्या तोंडाशी धरून पुढे-मागे करायला लागले. टुक... टुकटुक... टुकटुकटुक! सगळं शिवार दणाणलं. संजूभाऊ ओरडत होते, "बाबा, नका! गाव आयकून राह्यलं!" पण बाबांना ते कुठलं ऐकू येणार!

आणि वळणावरून बाया यायला लागल्या. डोक्यावर दळणाचे डबे. सगळ्यांच्या पुढे विमलबाई. त्यांनी डबा गाडीमागे टेकवला, पदर सारखा केला आणि उभ्या राहिल्या.

बाबांनी मडकं संजूभाऊंच्या हातात दिलं. डब्याचं झाकण काढलं, मूठभर ज्वारी तळहातावर घेऊन पाहिली आणि ओरडले,

"जाड का बारीक?"