कॉफीत धुतलेलं रीळ

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि अडुसष्टाव्या वर्षी तो नव्याने ठेवायला वेळ नाही. तेव्हा हे वाचून कुणी अंगारा सुचवू नये... मला केमिस्ट्री येणारं माणूस हवंय.

आम्ही महाडचे. घर चवदार तळ्यापासून चालत पाच मिनिटांवर. सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नानंतर मी कॅमेरा शिकले आणि फारच शहाणी झाले. पँट घालून, गळ्यात कॅमेरा अडकवून, पोलादपूरकडच्या वाड्यांवर 'लोकजीवन' टिपायला जायची. उमरठच्या वरच्या अंगाला एका वाडीत जनाबाईचा फोटो काढला. कडेवर दोन वर्षांची पोर.

"फोटू देशील ना गो?"

"पुढच्या आठवड्यात," मी ऐटीत म्हटलं.

मग रंगीत फिल्म आली, मॅडम रंगीत झाल्या, आणि ते काळं-पांढरं रीळ न धुताच डब्यात पडलं. पुढचा आठवडा उजाडायला चाळीस वर्षं लागली.

यंदा जानेवारीत ती कडेवरची पोर, शेवंता, दारात उभी. "बाप सांगायचा, म्हाडच्या पँटवाल्या बाईनं आयचा फोटू काडला व्हता. तुमीच ना?"

जनाबाई त्याच्या पुढच्याच वर्षी तापाने गेली होती. तिचा दुसरा फोटो नाही.

"काकी, माज्या लेकीला पोर झाली. वाडीतल्या म्हाताऱ्या बोलतात, पनजीवर गेलीय. आता मी कशी वळखू? मला आयचं तोंडच म्हाईत नाय."

मी शिडी लावली. माळ्यावर डबा सापडला. किमती म्हणून नव्हे, अडगळ म्हणून वर ठेवलेला, त्यामुळे पुरातून वाचलेला. आत एकाच खोक्यातली दोन रिळं — जनाबाईचं, आणि आमच्या ह्यांनी क्रिकेटच्या सामन्यात काढलेलं. दोन्ही न धुतलेली. इतकी जुनी फिल्म आपोआप काळवंडत जाते. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं द्रावण, चुकला तर सगळीच काजळी. आणि रीळ एकदाच धुता येतं.

म्हणून आधी ह्यांच्या क्रिकेटवर प्रयोग. पुण्याहून नात आली होती, ऋता. तिला हल्ली या जुन्या फिल्मचं वेड. अंधाऱ्या मोरीत रिळाचे चार तुकडे केले. पहिला तयार पावडरीच्या डेव्हलपरमध्ये — काजळी. दुसरा पाण्यात थेंब-थेंब टाकायच्या लिक्विडमध्ये — इतका पुसट की बॅट कुठली आणि स्टंप कुठले कळेना. तिसरा ऋताच्या कॉफीत! इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा, व्हिटॅमिन सी, आणि काजळी धरू नये म्हणून चिमूटभर मीठ.

"फिल्म धुतेयस की पाहुण्यांना देतेयस?" मी म्हटलं.

"आजी, तुझ्या काळात प्रयोग करायचे, की नुसती पँट घालायचे?"

तिसऱ्या तुकड्यावर अंपायरची मिशीसुद्धा दिसली. कॉफी जिंकली. चौथा तुकडा तसाच ठेवला. एक सांगते — यात खरं काम सोड्याचं. सोडा नसेल तर ते नुसतं गढूळ पाणी, फिल्मवर काही उमटत नाही.

रविवारी सकाळी अकराला जनाबाईचं रीळ अंधाऱ्या मोरीत उजेडबंद डब्यात भरून बाहेर आणलं. शेवंता स्वयंपाकघरात पाटावर बसलेली. प्रत्येक वस्तू मी वजन करून कागदाच्या पुडीत बांधली होती, वर पेन्सिलीने नाव. पाणी बॅटरीत घालतात ते, विकतचं. मी पुड्या ओतत होते, ऋता ढवळत होती, आणि शेवंता आईबद्दल बापाने सांगितलेलं काय काय सांगत होती. पंधरा मिनिटं कॉफी, मग पाणी, मग चित्र पक्कं करणारा हायपो.

झाकण उघडलं. बारा चौकटी, बाराही स्वच्छ. सातव्या चौकटीत जनाबाई.

ऋताने मोबाईलवर निगेटिव्हमधलं काळ्याचं पांढरं करून फोटो दाखवला. शेवंताने मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "कान. पोरीचे कान हायत हे... असेच भाईर आलेले." आणि पदर तोंडाला लावला.

ती गेल्यावर मी ओटा आवरायला घेतला. मिक्सरच्या मागे एक पुडी. 'सोडा'. घडी जशीच्या तशी. वजन केलं — चोपन्न ग्रॅम. मोजून बांधली होती तितकीच.

पुडी एकच बांधली होती. तरी सोड्याची पिशवीही वजन करून पाहिली, हिशेब जुळला. उरलेल्या चौथ्या तुकड्याचे दोन भाग केले. तीच कॉफी, तेच पाणी. सोडा न घातलेला तुकडा काचेसारखा कोरा निघाला. सोडा घातलेल्यावर अंपायर हजर.

ऋताने इंटरनेटवर विचारलं. एकाने लिहिलं, आजीचा चष्मा तपासा. तपासला. नंबर तोच.

शेवटी मी शेवंताला फोन केला. लपवणं बरं वाटेना. म्हटलं, "अगं, मी त्यात सोडा घातलाच नव्हता. फोटो यायलाच नको होता."

ती जराही दचकली नाही. "काकी, तुमच्या सोड्याची आयनं आनि किती वाट बघायची?"

ही काही केमिस्ट्री नव्हे. मी तिला फोटो केवढा मोठा हवा ते विचारलं.