टीव्हीवर दिसलेली हिरवी साडी

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "काकी, आई गेली..." एवढंच बोलला. विरारहून भुईगावला पोचले, तर अंगणात बायका जमलेल्या आणि सूनबाई कपाट उघडून उभी. "काकी, कोणती साडी काढू?" मी म्हटलं, "हिरवी. अगदी तळाशी असेल बघ." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दादांना, म्हणजे पुतण्याच्या वडिलांना, जाऊन बारा वर्षं झालेली. विधवेला जाताना हिरवं नेसवतात का कुठे? नेसवत नसतील. पण मी हटले नाही. त्या घाईत कारण सांगत बसायला वेळ नव्हता. आता महिना झालाय, सांगते.

मालतीताई माझ्या थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन भुईगावच्या वाडीत आले ते बहात्तर साल. मुंबईत टीव्ही केंद्र सुरू झालं ते त्याच वर्षी. थोड्याच दिवसांत तिथल्या एक बाई आमच्याकडे आल्या. शेतीच्या कार्यक्रमात त्यांना सुकेळी करून दाखवणारं कुणीतरी हवं होतं. राजेळी केळी सोलून आठवडाभर उन्हात वाळवायची, त्यात ताईंचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. बाई म्हणाल्या, "पाच मिनिटांत दाखवायचं." ताई कसल्या ऐकतायत! "पाच मिनिटांत सुकेळी होत नाहीत हो. मी लोकांना खोटं नाही दाखवायची." शेवटी तोडही त्यांनीच काढली. रोज एक ताट उन्हात मांडत गेल्या, आणि एका दिवसाच्या केळ्यांपासून सात दिवसांच्या सुकेळ्यांपर्यंत सातही ताटं बांधून आपल्या भावासोबत मुंबईला निघाल्या. अंगावर नवी कोरी हिरवी साडी. दादा गेले नाहीत. "मी इथून बघतो, कशी दिसतेस ते," म्हणाले. बायकोशी चारचौघांत असं बोलणारे ते नव्हतेच, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

टीव्ही होता वसईत, ओळखीच्या एका डॉक्टरांकडे. दादा, सासूबाई आणि मी तासभर आधीच जाऊन बसलो. आणि वारा असा सुटला म्हणता! पडद्यावर नुसत्या मुंग्या, आवाजाचीही खरखर. दादा धोतर खोचून कौलांवर चढले, अँटेनाची काठी इकडे फिरव, तिकडे फिरव... कार्यक्रम संपला तरी मुंग्या तशाच. तेव्हा सगळं थेट जायचं, परत बघायची सोय नव्हती. येताना वाटेत दादा म्हणाले, "तिला कळता कामा नये." सासूबाईंनी मान हलवली, मीही.

ताईंनी हातातली ताटं खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "दिसले का हो?"

"म्हणजे काय! हिरव्या साडीत अशी उठून दिसत होतीस!"

ताई घटकाभर त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग हसून आत गेल्या. मी म्हटलं, सुटलो बाई.

पन्नासच्या वर वर्षं मी ते पोटात ठेवलं. गेल्या उन्हाळ्यात ओटीवर दोघी केळी सोलत होतो, तेव्हा राहवेना. "ताई, त्या दिवशी आम्हाला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं हो..."

ताईंनी मानसुद्धा वर केली नाही. "ठाऊक आहे गं. तिथे माझ्यासमोरच एक टीव्ही ठेवला होता, त्यात मी मला बघितलं. सगळं काळंपांढरं. हिरवं कुठलं दिसायला?"

मी गारच पडले. "मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"कशाला बोलू? सकाळी निघाले तेव्हा मला वाटलं होतं, हे नुसतं म्हणतायत, साडीकडे यांचं लक्षच नाही. आणि साडीचा रंग तेवढा बरोबर सांगितला की नाही त्यांनी..." एवढं बोलून सत्तरी कधीच ओलांडलेल्या ताई चक्क लाजल्या.

दादा गेल्यावर त्यांनी ती साडी घडी करून तळाशी ठेवली, पण कुणाला देऊ दिली नाही. ताई गेल्या त्या दिवशी ती मीच नेसवली. जुनी घडी, कडेला विरलेली, निऱ्या नीट बसेनात. बायकांची कुजबुज चालूच होती. पदर सारखा केला, दोन पावलं मागे सरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ताई, उठून दिसताय हो."