शेजारची सीट

फिनिक्स शहराबाहेरच्या वस्तीत राहणाऱ्या ऑर्विल टेकने आपली लाल इटालियन गाडी विकायला काढली, तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती आणि धड तीन हजार मैलही धावलेली नव्हती. जन्मभर लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवून त्याने ती घेतली होती. दलालाकडे दिली असती तर लगेच गेली असती. पण त्याने स्वतःच जाहिरात दिली, किंमतही चढीच लावली. मग शनिवारी माणसं येऊ लागली. तो कॉफी करायचा, इंजिन सुरू करून आवाज ऐकवायचा, गप्पांना बसवायचा. भाव ठरत आला की मात्र नाही म्हणायचा. पुढच्या शनिवारी दुसरं कुणी यायचं. बायको, मार्लीन, गेल्यापासून त्या घरात एवढं बोलणं झालं नव्हतं.

मार्चमध्ये डेलिया आली. टूसॉनला तिचा मालट्रकांचा धंदा होता. तिने वाकून गाडीखाली तेलाचे डाग शोधले आणि सरळ विचारलं, "एवढी कमी का चालवलीत? काही लपवताय का?"

"गाडीत काही नाही," ऑर्विल म्हणाला. "घेतली त्याच वर्षी मार्लीनचे गुडघे गेले. इतकं खाली बसायचं म्हणजे तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग मी एकटा कुठे जाणार?"

चालवून बघायला डेलियाने किल्ली मागितली, तेव्हा तो शेजारच्या सीटवर बसला. त्या बाजूला तो कधी बसलाच नव्हता. वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर तिने गाडी मोकळी सोडली. मार्लीनला हे आवडलं असतं की ती घाबरली असती, याचा त्याला अंदाजच येईना, आणि तेच त्याला फार लागलं. परतल्यावर त्याला उतरता येईना. डेलियाने हात देऊन उठवलं.

"माझ्या नवऱ्याला ओढायला तर दोघं लागतील," ती म्हणाली.

तो हसला. किंमत त्याने आपणहून उतरवली. सोमवारी कागद झाले आणि ती गाडी घेऊन गेली.

शनिवारी फोन आला. गाडी आहे का, असं एक माणूस विचारत होता. गेली, ऑर्विल म्हणाला. पण तुम्हाला रंग कुठला हवा होता? काळा, तो म्हणाला. काळ्यावर इथली धूळ फार दिसते, असं ऑर्विल बराच वेळ समजावत राहिला. पलीकडच्याने फोन केव्हाच ठेवला होता.