नानांची पंगत

बुधवार, १८ सप्टेंबर २०२४, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी माझी खात्री पटली की, भडगावच्या नानांइतका न्यायी माणूस साऱ्या खानदेशात नसेल, आणि माझ्या प्रबंधाला त्यांच्याइतका घातकही.

नाना मेंढपाळ. गिरणाकाठच्या ओलीत चरून त्यांच्या मेंढ्यांच्या यकृतात पानासारखे चपटे कृमी झाले होते. जबड्याखाली पाणी भरून सूज लोंबत होती. एकच औषध पुरते की दोन एकत्र द्यावीत, हे तपासण्यासाठी मी धुळ्याहून त्यांच्या तळावर जात असे. नानांनी संमती दिली, पण अटींवर. प्रत्येक मेंढीला नात्यातले नाव असल्यामुळे तिला क्रमांक द्यायचा नाही. कानात बिल्ला मारायचा नाही, कारण सासू आणि नणंद रुसतील. औषध पाजण्यापूर्वी मेंढीला कारण सांगायचे. घाईत मी एकीला न सांगता पाजले, तेव्हा नानांनी माझ्या वतीने तिची माफी मागितली. शेवटी तडजोड झाली ती रंगांवर: एक औषध मिळालेलीच्या पाठीवर निळा पट्टा, दोन्ही मिळालेलीच्या पाठीवर तांबडा. गट चिठ्ठ्या टाकून ठरले. नानांची सर्वांत लाडकी आणि सर्वांत सुजलेली म्हातारी मेंढी, अक्का, निळ्यात गेली. नानांनी एकही नवी अट न घालता उरलेले रंग स्वतःकडे ठेवून घेतले. त्या कळपाच्या इतिहासातील ही पहिलीच घटना असावी.

त्या बुधवारी लेंड्यांतील कृमींची अंडी मोजण्यासाठी नमुने घ्यायला पोहोचले, तर प्रत्येक पाठीवर दोन्ही रंग. तुलना संपली होती. मी शक्य तितक्या शास्त्रीय शब्दांत संतापले. नानांनी सगळे ऐकून घेऊन चहा पुढे केला.

"ताई, पंगत एकच शे. एकीले जिलबी नि दुसरीले नुसतं वरण, आसं वाढतस का? बठ्ठ्या मन्याच शेतस." सगळ्या त्यांच्याच, हे खरे.

रंग लावल्याने औषध पोटात जात नाही, हे मी समजावले. ते त्यांनाही ठाऊक होते. त्यांचे म्हणणे एवढेच की, कुणाला काय मिळाले ते आता मलाही कळणार नाही, तेव्हा सगळ्यांना दोन्ही देणे भाग आहे. या युक्तिवादातील चूक शोधण्यात माझा चहा निवला. चूक सापडली नाही. आधीच्या मात्रेपासून योग्य अंतर राखून मी अख्ख्या कळपाला दोन्ही औषधे पाजली. अक्काला कारण सांगून. प्रबंधासाठी मात्र चाळीसगावकडे दुसरा, बिल्लेवाला कळप शोधावा लागला.

पुढे नाना आपणहून नमुने पाठवू लागले: पेढ्यांच्या खोक्यात, वर दोरा बांधून, धुळ्याच्या बसच्या कंडक्टरहाती. प्रयोगशाळेतल्या शिपाईभाऊंनी एकदा ते मोठ्या आशेने उघडले. तेव्हापासून ते खरे पेढेही हुंगून घेतात.

यंदा नानांचे गुडघे थकले आणि मुलाने कळप विकला. अक्का तेवढी त्यांच्या दारात बांधलेली आहे. रिकाम्या तळाविषयी नाना फोनवर बोलत नाहीत. फक्त विचारतात, "अक्का कशी शे?" जणू ती माझ्याकडेच राहते.

परवा खोके आले. प्रबंध केव्हाच सादर झाला. त्यात या मेंढीला जागा नाही. तरीही मी नमुना पाण्यात कालवला, गाळला, गाळ खाली बसू दिला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. नानांना फोन करण्यापूर्वी पुन्हा एकदा पाहिले.

अंडी: शून्य.