दाजींचा वैताग

अख्ख्या नगर जिल्ह्यात पंक संगीत कळणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे दाजी. हे माझं मत नाही, दाजींचंच आहे. पंक म्हणजे काय, तर दोन गिटार, एक ड्रम, घसा फुटेस्तोवर ओरडणं आणि दोन मिनिटांत गाणं खलास. दाजी पुणतांब्याच्या शेतकरी घरातले, नागापूरला एका कारखान्यात टर्नर, वय पन्नाशीचं. ते याच्या नादी लागले ते भांडायला गेले म्हणून. कारखान्यामागच्या बंद शेडमध्ये चार कामगार पोरं दर रविवारी धिंगाणा घालायची. ओव्हरटाइमला आलेले दाजी आवाज बंद करा म्हणून सांगायला गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसले. तेव्हापासून या पोरांच्या बँडचे दोन्ही अल्बम त्यांनी आल्यागेल्याला ऐकवले. पहिला त्यांच्या मते अस्सल. दुसऱ्याचं नाव काढलं की तोंड वाकडं. "पॉलिश लई मारलंय. हात लावला तर खरचटलं पायजे, तवा गानं!" अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, हळदीकुंकवालाही त्यांनी तो पहिला अल्बम लावला. स्पीकर बिघडला समजून एका बाईनं बटणाकडे हात नेला, तर अक्का शांतपणे म्हणाली, "राहू द्या हो, ते गाणंच आहे." तिला स्वतःला त्यातलं एकही आवडत नव्हतं, पाठ मात्र सगळी होती.

पण दाजी खरे रंगायचे ते गाणी कशी होतात हे सांगताना. बँडचा नियम असा, की ज्याला वैताग आलाय त्यानं तो तीनदा सांगायचा. पहिल्यांदा सगळ्यांनी गुपचूप ऐकायचं. दुसऱ्यांदा तो कुठे सजवून सांगायला लागला की गाणारी पोरगी, पॅकिंगला काम करणारी रेश्मा, बोट वर करणार, की तेवढं गाळायचं. तिसऱ्यांदा जे उरेल ते गाणं. आपलंही एक गाणं व्हावं ही दाजींची फार इच्छा. कँटीनची आमटी झाली, सोसायटीचं पाणी झालं, सगळे वैताग त्यांनी नेऊन पाहिले. पण दुसऱ्यांदा सांगताना त्यांना स्वतःलाच हसू फुटायचं. "काका, तुम्हाला राग येतच नाही," रेश्मा म्हणायची. दाजी हिरमुसून घरी यायचे आणि अक्का त्यांना दुप्पट वाढायची.

गेल्या वर्षी अक्का गेली. पोटातलं दुखणं, कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. दोन महिन्यांनी दाजी मला म्हणाले, "शेडवर सोडतो का रं मला?" मी सोडलं आणि तिथंच बसलो. पहिल्यांदा दाजींनी सगळं सांगितलं, डॉक्टर, रिपोर्ट, पुण्याच्या खेपा, नातेवाइकांची बोलणी. दुसऱ्यांदा डॉक्टर गळाले, नातेवाईक गळाले. रेश्माला बोट वर करावंच लागलं नाही. तिसऱ्यांदा दाजी फरशीकडे बघत एवढंच म्हणाले, "रविवार हुता. ती म्हनली, पोटात लई दुखतंय. मी हिकडं यायला निघाल्तो. म्हनलं, आल्यावर बघू."

हे मला ठाऊक नव्हतं. माझी अक्का दुखतंय म्हणाली आणि हा माणूस गाणी ऐकायला निघून गेला! डोकंच फिरलं माझं. उठलो, त्यांना तिथंच टाकून घरी आलो, आणि चार महिने त्यांच्याशी बोललो नाही. फोन आला तरी उचलला नाही.

आता बँडचा तिसरा अल्बम आलाय आणि त्यात ते गाणं आहे. परवा नगरात त्यांचा कार्यक्रम झाला. जायचं नाही असं ठरवलं होतं, तरी गेलो. ध्रुवपद आलं की शंभरेक पोरं हात वर करून, उड्या मारत, हसत ओरडत होती, "आल्यावर बघू! आल्यावर बघू!" त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! मागं भिंतीला टेकून दाजी उभे होते. वाळून अर्धे झाले होते, शर्ट नुसता लोंबत होता. बाकीचं सगळं गाणं म्हणत होते. ती ओळ आली की ओठ मिटायचे. समोर दिसले की चांगलं सुनावायचं, असं किती दिवस घोकलं होतं मी. पण गेलो आणि त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून उभा राहिलो. पुन्हा ती ओळ आली तेव्हा माझ्याकडे न बघताच दाजींनी माझं मनगट घट्ट धरलं. माझा राग गेला असं नाही, तो अजून आहे. पण हात काही मी सोडवून घेतला नाही.