डावीकडचा ब्रेक

बाबांच्या जुन्या मोटारीला नवं कार्पेट घालायचं म्हणून मी आईला घेऊन सीटकव्हरवाल्याकडे गेले. त्याने पुढची सीट काढली, तर खाली कार्पेटचा मूळचा डाळिंबी रंग जसाच्या तसा! इतकी वर्षं आम्ही त्याला तपकिरीच समजत होतो. रंगाचा प्रश्न तिथेच मिटला.

जुनं कार्पेट उचलता उचलता तो म्हणाला, "ड्रायव्हरच्या टाचेखाली झिजतंच हो. पण हे डावीकडे भोक कसं पडलं? इथे तर ब्रेक नसतो."

आई उगाच नमुने चाळायला लागली.

समोरून ट्रक आला, की बाबांशेजारी बसलेली आई ब्रेक असल्यासारखा पाय खाली दाबायची. बाबा चिडायचे, "अगं, गाडी मी चालवतोय ना!" माणसावर पुरता विश्वास असला, तरी पाय काही ऐकत नाही. सगळ्या संसारात तिने बोलून दाखवली नाही एवढी माया त्या भोकात होती.

"उजवीकडे टाचेखाली रबर शिवून देतो," तो म्हणाला.

"दोन्हीकडे शिवा," मी म्हटलं. "गाडी आता मी चालवते."